एलजीचा मोबाइल फोन व्यवसाय

एलजीचा मोबाइल फोन व्यवसाय हा दक्षिण कोरियातील एलजी इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीचा एक विभाग होता. कंपनीच्या कारभारात तो 'मोबाइल कम्युनिकेशन्स' या नावाने ओळखला जाई. १९९० च्या दशकात उभा राहिलेला हा व्यवसाय २००९ च्या सुमारास हँडसेटच्या विक्रीत नोकिया व सॅमसंग यांच्या खालोखाल जगात तिसऱ्या क्रमांकावर होता. पुढे स्मार्टफोनच्या युगात तो मागे पडत गेला. ५ एप्रिल २०२१ रोजी कंपनीने या व्यवसायातून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला आणि ३१ जुलै २०२१ पर्यंत तो गुंडाळण्यात आला. पुणे जिल्ह्याशी या व्यवसायाचा थेट संबंध आला तो रांजणगाव (तालुका शिरूर) येथील कारखान्यामुळे. तेथे २००५ पासून एलजीच्या जीएसएम हँडसेटचे उत्पादन होत असे.

आज एलजी म्हटले की मराठी घरात फ्रिज, वॉशिंग मशीन किंवा टीव्ही डोळ्यांसमोर येतो. याच कंपनीने एके काळी वर्षाला दहा कोटींहून अधिक फोन विकले होते, ही गोष्ट नव्या पिढीतील विद्यार्थ्यांना बहुधा ठाऊक नसते.

पार्श्वभूमी

एलजी उद्योगसमूहाचे मूळ कू इन-ह्वे यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेल्या रसायन कंपनीत आहे. सौंदर्यप्रसाधने व प्लॅस्टिकच्या वस्तूंपासून या घराण्याच्या उद्योगाचा आरंभ झाला. १९५८ मध्ये 'गोल्डस्टार' ही विद्युत उपकरणांची कंपनी निघाली आणि पुढच्याच वर्षी तिने कोरियन बनावटीचा पहिला रेडिओ बाजारात आणला. 'लकी' व 'गोल्डस्टार' या दोन नावांच्या आद्याक्षरांवरून १९९५ मध्ये 'एलजी' हे नाव रूढ करण्यात आले.

मोबाइल व्यवसायाच्या दृष्टीने त्यानंतरचे वर्ष विशेष महत्त्वाचे ठरले. १९९६ च्या आरंभी दक्षिण कोरियात सीडीएमए तंत्रावर आधारित मोबाइल सेवा व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. युरोपने व पुढे जगातील बहुतेक देशांनी जीएसएम हे तंत्र स्वीकारले असताना कोरियाने सीडीएमएची वाट धरली. त्यामुळे सॅमसंग व एलजी या दोन्ही कंपन्यांना मायदेशातच या तंत्राचे हँडसेट मोठ्या संख्येने बनवण्याचा सराव झाला. अमेरिकेत आणि नंतर भारतात एलजीचा फोन प्रथम पोहोचला तो याच बळावर.

भारतातील प्रवेश

एलजी इलेक्ट्रॉनिक्सची भारतीय शाखा १९९७ मध्ये स्थापन झाली व तिचा पहिला कारखाना ग्रेटर नोएडा येथे उभा राहिला. टीव्ही, फ्रिज व वातानुकूलन यंत्रे यांच्या विक्रीत कंपनीने अल्पावधीत जम बसवला. मोबाइल फोन मात्र भारतात १९९५ पासून असूनही बरीच वर्षे चैनीची वस्तू समजला जात होता. ज्याचा फोन वाजे त्यालाच येणाऱ्या कॉलचेही पैसे मोजावे लागत. मे २००३ पासून येणारे कॉल निःशुल्क झाले आणि चित्र पालटले.

त्याच सुमारास नवी मुंबईतील कोपरखैरणे येथे मुख्यालय असलेल्या रिलायन्स इन्फोकॉमने देशभर सीडीएमए सेवा सुरू केली होती. जुलै २००३ मध्ये तिने 'मान्सून हंगामा' ही योजना आणली. आरंभी केवळ ५०१ रुपये भरून हँडसेट व जोडणी मिळत असे आणि उर्वरित रक्कम हप्त्यांनी फेडायची असे. या सेवेसाठी हँडसेट पुरवणाऱ्या प्रमुख कंपन्यांत एलजी होती. महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांत आलेला पहिला मोबाइल अशा रीतीने एलजीचा होता. मात्र बोलताना त्याला सर्रास 'रिलायन्सचा फोन' म्हटले जाई.

या बोलीतील नावात एक व्यापारी वास्तव दडलेले आहे. त्या काळच्या सीडीएमए हँडसेटमध्ये सिमकार्ड नसे. क्रमांक हँडसेटमध्येच नोंदवलेला असे. साहजिकच ग्राहक हँडसेट निवडत नसे, तो सेवा निवडे. निर्मात्याची खरी गिऱ्हाईक म्हणजे सेवा देणारी कंपनी. ती एकगठ्ठा माल घेई आणि आपल्या दुकानांतून विके. एलजीला यामुळे मोठी विक्री झटपट साधता आली. गल्लीबोळांतील मोबाइल दुकानदाराशी नाते जोडण्याची गरज मात्र तिला त्या वर्षांत फारशी भासली नाही. भारतात पुढे जीएसएमची सरशी झाली तेव्हा विक्री त्याच दुकानदाराच्या हाती गेली होती, आणि तेथे नोकियाने आधीच घट्ट पाय रोवलेले होते.

रांजणगाव प्रकल्प

रांजणगाव हे पुणे-नगर महामार्गावरील गाव अष्टविनायकांपैकी महागणपतीचे स्थान म्हणून प्रसिद्ध आहे. पुणे शहरापासून ते सुमारे ५० किलोमीटर अंतरावर आहे. येथील औद्योगिक वसाहतीत एलजीचा भारतातील दुसरा कारखाना ऑक्टोबर २००४ मध्ये सुरू झाला. त्याचा परिसर ५० एकरांहून मोठा आहे. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन व वातानुकूलन यंत्रे यांबरोबरच २००५ मध्ये तेथे जीएसएम हँडसेटचे उत्पादन सुरू करण्यात आले. नोकियाच्या तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर येथील कारखान्याचे उत्पादन जानेवारी २००६ मध्ये सुरू झाले. म्हणजे भारतात जीएसएम हँडसेट बनवण्याच्या कामी पुणे जिल्हा अगदी पहिल्या काही ठिकाणांत होता. २०१० पर्यंत येथून वर्षाला दोन कोटी हँडसेट बाहेर पडतील व त्यांतील निम्मे निर्यात होतील, असे उद्दिष्ट कंपनीने त्या वेळी जाहीर केले होते.

हे उद्दिष्ट प्रत्यक्षात उतरण्याजोगी परिस्थिती तेव्हा नव्हती. हँडसेट बनवणे म्हणजे बहुतांशी परदेशातून आलेले सुटे भाग जोडणे, चाचणी घेणे आणि खोक्यात भरणे. पडदा, चिप, कॅमेरा, बॅटरीतील घट यांपैकी महत्त्वाचे काही आसपास बनत नव्हते. याउलट चीनमधील शेन्झेन व भोवतालच्या प्रदेशात हे सर्व भाग हाकेच्या अंतरावर मिळत. तयार हँडसेट आयात केला तरी त्यावर मूळ सीमाशुल्क नव्हते. ते १ जुलै २०१७ रोजी १० टक्के दराने लावण्यात आले. कारखान्याच्या सुरुवातीच्या वर्षांत देशात जुळणी करण्यात किमतीचा फायदा फारसा नव्हता. फ्रिजची गोष्ट वेगळी आहे. फ्रिज अवजड असतो व तो दूरवरून आणणे महाग पडते. त्यामुळे तो बाजाराजवळ बनवणे परवडते. फोन खिशात मावतो, आणि एका विमानात हजारोंनी येतो. एकाच कारखान्यातील एक उत्पादन टिकले आणि दुसरे गेले, त्यामागे हे साधे गणित आहे.

एप्रिल २०१६ मध्ये एलजीने 'मेक इन इंडिया'चा उल्लेख करत के७ व के१० हे फोन बाजारात आणले, तेव्हा त्यांची निर्मिती रांजणगावात नव्हती. नोएडा येथील एका कंत्राटी उत्पादकाकडून ती करून घेतली जात होती. रांजणगावचा कारखाना मात्र घरगुती उपकरणांच्या जोरावर आजही चालू आहे.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सह्याद्रीच्या कुशीतील भोर व वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांत, मोबाइलची कसोटी निराळीच होती. डोंगराआडच्या वाड्यांत रेंज मिळवण्यासाठी माळावर किंवा खिंडीच्या तोंडाशी जाऊन उभे राहावे लागे. वीज गेली की तिचा नेम नसे. त्यामुळे फोन घेताना पहिला प्रश्न 'रेंज धरतो का?' आणि दुसरा 'चार्जिंग किती दिवस पुरते?' हाच असे. पुढील विभागात ज्या चकचकीत फोनांची माहिती येते, त्यांचे कौतुक या भागात फारसे पोहोचले नाही. येथे एलजी ओळखीची झाली ती स्वस्त, बटणांच्या फोनमुळे. कंपनीच्या जागतिक इतिहासात अशा फोनांची नोंद क्वचितच घेतली जाते. परंतु तिच्या कोट्यवधींच्या आकड्यांत त्यांचा वाटा मोठा होता.

भरभराटीचा काळ

२००५ ते २००९ ही वर्षे एलजीच्या फोनांची सर्वांत यशस्वी वर्षे मानली जातात. २००५ च्या अखेरीस कोरियात व २००६ मध्ये इतरत्र आलेला 'चॉकलेट' हा सरकत्या झाकणाचा काळा फोन जगभर गाजला. त्याची विक्री एक कोटीच्या वर गेली. दाबायच्या बटणांऐवजी स्पर्शाने उजळणाऱ्या तांबड्या खुणा हे त्याचे वैशिष्ट्य होते. त्यापाठोपाठ धातूच्या आवरणाचा 'शाइन' आला. फोन हा दागिन्यासारखा मिरवण्याचा जिन्नस आहे, हे एलजीने ओळखले होते.

याच धोरणातून इटलीतील प्राडा या फॅशनसंस्थेच्या सहकार्याने 'एलजी प्राडा' हा फोन तयार झाला. डिसेंबर २००६ मध्ये त्याची घोषणा झाली. बोटाच्या नुसत्या स्पर्शाने चालणारा, म्हणजेच कपॅसिटिव्ह पडदा असलेला हा पहिला मोबाइल फोन होय. त्यापूर्वीच्या बहुतेक टचस्क्रीन फोनांत पडदा दाबावा लागे किंवा काडी वापरावी लागे. ॲपलने आपला आयफोन ९ जानेवारी २००७ रोजी, म्हणजे या घोषणेनंतर जेमतेम महिनाभराने, जगापुढे ठेवला.

या दोन फोनांच्या तुलनेत एलजीच्या पुढील कहाणीचे सार सापडते. पडदा जवळपास सारखाच होता. परंतु प्राडा फोनमधील आज्ञावली ही जुन्या फोनच्या यादीवजा रचनेला स्पर्शाची जोड देणारी होती. आयफोनमध्ये संपूर्ण इंटरनेट पाहता येईल असा ब्राउझर होता आणि २००८ पासून त्यावर इतरांनी बनवलेली ॲप घेता येऊ लागली. एलजीने यंत्र आधी बनवले. त्या यंत्रावर काय चालेल याचा विचार इतरांनी केला.

तत्काळ मात्र याचा फटका बसला नाही. २००८ च्या अखेरीस आलेला 'कुकी' हा स्वस्त टचस्क्रीन फोन भारतासह अनेक देशांत भरपूर खपला. आयफोन न परवडणाऱ्या तरुणांना टचस्क्रीनची हौस भागवण्याचा तो मार्ग होता. २००८ मध्ये एलजीची वार्षिक विक्री प्रथमच दहा कोटींच्या वर गेली व २००९ मध्ये ती सुमारे ११ कोटी ८० लाखांवर पोहोचली. जगात विकल्या जाणाऱ्या दर दहा फोनांपैकी सुमारे एक एलजीचा होता.

स्मार्टफोनकडे उशिरा वळण

यश ऐन भरात असतानाच घसरणीची बीजे पडली होती. फेब्रुवारी २००९ मध्ये बार्सिलोना येथे एलजीने मायक्रोसॉफ्टशी सहकार्याचा करार जाहीर केला आणि विंडोज मोबाइल ही आपली प्रमुख स्मार्टफोन प्रणाली राहील असे सांगितले. ही प्रणाली तेव्हाच कालबाह्य होऊ लागली होती. गूगलची अँड्रॉइड प्रणाली सर्वांना खुली असताना एलजीचा पहिला अँड्रॉइड फोन २००९ च्या उत्तरार्धात आला व तोही विशेष जोर न लावता. सॅमसंगने २०१० मध्ये 'गॅलेक्सी एस' आणून अँड्रॉइडच्या बाजारात आघाडी घेतली.

२०१० च्या दुसऱ्या तिमाहीत एलजीचा मोबाइल विभाग तोट्यात गेला. सप्टेंबरमध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी नाम योंग पायउतार झाले आणि संस्थापक घराण्यातील कू बोन-जून यांनी सूत्रे हाती घेतली. नाम यांच्या कारकिर्दीत विपणनावर भर अधिक व संशोधनावर कमी राहिला, अशी टीका तेव्हा कोरियात झाली. ती सर्वस्वी न्याय्य म्हणता येणार नाही, कारण विक्रीचा उच्चांकही त्यांच्याच काळातील आहे.

यानंतर काही काळ सावरण्याची लक्षणे दिसली. 'ऑप्टिमस वन' हा माफक किमतीचा अँड्रॉइड फोन चांगला खपला. २०११ मधील 'ऑप्टिमस २एक्स' हा दुहेरी गाभ्याचा प्रोसेसर असलेला पहिला स्मार्टफोन ठरला. गूगलने आपल्या 'नेक्सस' मालिकेतील २०१२ व २०१३ चे फोन एलजीकडून बनवून घेतले. भारतातील हौशी तंत्रप्रेमींमध्ये, विशेषतः पुण्या-मुंबईच्या संगणक क्षेत्रातील तरुणांत, 'नेक्सस ५' बराच लोकप्रिय झाला. मात्र त्याचे श्रेय बहुतेकांनी गूगललाच दिले.

जी मालिका

२०१३ मधील 'जी२' आणि २०१४ मधील 'जी३' हे एलजीचे सर्वांत नावाजलेले स्मार्टफोन होत. जी२ मध्ये चालू-बंद व आवाजाची बटणे फोनच्या पाठीवर होती. जी३ चा पडदा त्या काळच्या बहुतेक प्रतिस्पर्ध्यांपेक्षा अधिक सुस्पष्ट होता. भारतात त्याच्या प्रसिद्धीसाठी अमिताभ बच्चन यांना पाचारण करण्यात आले होते. २०१४ या वर्षात कंपनीने सुमारे ५ कोटी ९० लाख स्मार्टफोन विकले.

२०१५ मध्ये कातडी पाठीचा 'जी४' आला आणि त्यानेच कंपनीच्या लौकिकाला मोठा तडा दिला. अनेक ग्राहकांचे फोन सुरू होता होता आपोआप बंद पडत व पुन्हा सुरू होत, आणि हे चक्र थांबतच नसे. सुट्या भागांची आतील जोडणी सैल पडल्याने असे घडते, असे कंपनीने जानेवारी २०१६ मध्ये मान्य केले व दुरुस्ती देऊ केली. २०१७ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ग्राहकांनी याबाबत दावाही दाखल केला. आतील माहितीसकट फोन निकामी होणे हा अनुभव ग्राहक सहजी विसरत नाही. महागडा फोन घेणारा वर्ग तर मुळीच नाही.

२०१६ चा 'जी५' ही एलजीच्या कल्पकतेची व तिच्या मर्यादेचीही खूण आहे. त्याचा खालचा भाग ओढून काढता येई आणि त्या जागी कॅमेऱ्याची मूठ किंवा ध्वनीचा दर्जा वाढवणारा भाग बसवता येई. कल्पना अभिनव होती, पण जोडभाग महाग होते व जोडणी सुबक नव्हती. पुढच्याच वर्षी आलेल्या 'जी६' मध्ये ही रचना सोडून देण्यात आली आणि ज्यांनी जोडभाग विकत घेतले होते ते तसेच राहिले. दर वर्षी नवी कल्पना आणायची आणि ती रुजण्याआधीच टाकून द्यायची, ही सवय कंपनीला शेवटपर्यंत सोडता आली नाही. प्रणालीच्या नव्या आवृत्त्या उशिरा मिळतात, ही तक्रारही सार्वत्रिक होती. ती दूर करण्यासाठी २०१८ मध्ये स्वतंत्र सॉफ्टवेअर केंद्र उघडण्यात आले, तोवर बराच उशीर झाला होता.

भारतातील पीछेहाट

भारतीय बाजारात या काळात दोन लाटा आल्या. २००८ नंतर मायक्रोमॅक्स, कार्बन यांसारख्या देशी कंपन्यांनी दोन सिमकार्डांचे, दीर्घकाळ चालणाऱ्या बॅटरीचे स्वस्त फोन आणून नोकिया व एलजी यांच्या खालच्या थरातील ग्राहक ओढून घेतले. जुलै २०१४ मध्ये शाओमीने भारतात पाऊल ठेवले आणि ऑनलाइन विक्रीच्या जोरावर कमी किमतीत अधिक क्षमतेचा फोन देण्याची चढाओढ सुरू झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची ४जी सेवा सुरू झाल्यावर खेड्यापाड्यांतही स्मार्टफोनची मागणी वाढली. तिचा लाभ मुख्यतः चिनी कंपन्यांनी व सॅमसंगने उचलला. जिचा भारतात पहिला जम सीडीएमए सेवेच्या आधारे बसला होता, त्या एलजीला या नव्या लाटेत तसा जोडीदार मिळाला नाही.

जून २०१९ मध्ये एलजीने खास भारतासाठी 'डब्ल्यू' मालिका काढली. तिचे फोन नऊ-दहा हजार रुपयांच्या घरात होते. ऑक्टोबर २०२० मध्ये फिरत्या पडद्याचा 'विंग' हा फोन ६९,९९० रुपये किमतीस आला. या दोन टोकांच्या मधल्या किमतीत, जिथे खरी खरेदी होत होती, तिथे एलजीपाशी स्पर्धेत टिकेल असे फारसे काही नव्हते.

व्यवसायाची अखेर

२०१५ च्या दुसऱ्या तिमाहीपासून मोबाइल विभागाला सलग २३ तिमाह्या तोटा झाला. एकूण तोटा सुमारे ५ लाख कोटी वॉन, म्हणजे साडेचार अब्ज डॉलरच्या आसपास होता. खर्च वाचवण्यासाठी २०१९ मध्ये कोरियातील प्योंगटेक येथील स्मार्टफोन उत्पादन व्हिएतनामातील हायफाँग येथे हलवण्यात आले. २०२० मध्ये कंपनीचा जागतिक बाजारहिस्सा दोन टक्क्यांच्या आसपास उरला होता.

जानेवारी २०२१ मध्ये एका तंत्रप्रदर्शनात एलजीने गुंडाळता येणाऱ्या पडद्याच्या फोनची झलक दाखवली. त्याच महिन्यात मुख्य कार्यकारी अधिकारी क्वोन बोंग-सोक यांनी कर्मचाऱ्यांना, या व्यवसायाबाबत सर्व पर्याय विचाराधीन असल्याचे कळवले. विभाग विकण्याचे प्रयत्न फळले नाहीत. ५ एप्रिलला बंदची घोषणा झाली आणि गुंडाळता येणारा तो फोन बाजारात कधीच आला नाही. कोरियातील या विभागाच्या तीन हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना समूहातील इतर कामांत सामावून घेण्याचे धोरण कंपनीने जाहीर केले. विजेवर चालणाऱ्या वाहनांचे भाग, जोडलेली घरगुती उपकरणे, यंत्रमानव ही क्षेत्रे तिने पुढील वाटचालीसाठी निवडली. दूरसंचाराची पेटंटे मात्र स्वतःकडेच ठेवली.

व्यवसाय बंद करणाऱ्या एलजीने ग्राहकांना वाऱ्यावर सोडले नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे. ठरावीक वरच्या श्रेणीच्या फोनांना खरेदीच्या वर्षापासून अँड्रॉइडच्या तीन आवृत्त्यांपर्यंत सुधारणा देण्याचे आश्वासन तिने दिले. जो विभाग चालू असताना सुधारणांसाठी बदनाम होता, त्याने बंद होताना असे आश्वासन द्यावे हा योगायोग चमत्कारिक खरा.

त्यानंतर

भारतातील एलजीचा उर्वरित व्यवसाय वाढतच राहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये एलजी इलेक्ट्रॉनिक्स इंडियाच्या समभागांची मुंबई व राष्ट्रीय शेअर बाजारात नोंदणी झाली; या विक्रीची रक्कम ११,६०७ कोटी रुपये होती. ग्रेटर नोएडा व रांजणगाव हे तिचे दोन चालू कारखाने असून तिसऱ्याची पायाभरणी मे २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील श्रीसिटी येथे झाली.

रांजणगावच्या तिसऱ्या टप्प्यात इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्मितीसाठी स्वतंत्र समूह-वसाहत उभारण्यास केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. तिचे क्षेत्र सुमारे २९७ एकर व अंदाजित खर्च सुमारे ४९३ कोटी रुपये आहे. सुटे भाग बनवणारे उद्योग व अंतिम जुळणी करणारे कारखाने शेजारी शेजारी असावेत, हा तिच्यामागील विचार आहे. २००५ मध्ये येथे हँडसेटची जुळणी सुरू झाली तेव्हा नेमकी हीच सोय नव्हती.

एलजीच्या फोनांसाठी प्रणाली-सुधारणा पुरवणारी केंद्रीय सेवा ३० जून २०२५ रोजी बंद करण्यात आली.